दुखावलेले मन आणि बंदीची मागणी

जानेवारी 2019 मध्ये आपल्या यवतमाळात 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. त्या इंग्रजीत लिहितात, मराठीच्या मांडवात त्यांचे काय काम, असा आक्षेप निघाला. संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. मग आपल्याच जिल्ह्यातील, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणाऱ्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केले. त्या चांगल्या बोलल्या. पण पाहुण्याला बोलावून दारातूनच परत पाठवणे ही काही आपल्या वऱ्हाडची रीत नव्हे. गंमत म्हणजे सहगलबाईंचे लिहून ठेवलेले भाषण वृत्तपत्रांत छापून आले आणि मांडवात न आलेल्यांनीही ते वाचले.

पुढच्या वर्षी उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. अवघे बायबल सुबोध मराठीत आणणारा हा लेखक. पण धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काही संघटनांनी विरोध केला. आपल्याला त्याचे वाईट वाटले, आणि ते रास्तच होते.

आता 2006 साल आठवू या. ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट आला. त्यात प्रभू येशूविषयी जे रचले होते, त्याने भाविकांची मने दुखावली. मुंबईत उपोषणे झाली, बंदीची मागणी झाली. आंध्र प्रदेश, तमिळनाडू अशा काही राज्यांनी बंदी घातलीही; या दोन्ही ठिकाणी ती उच्च न्यायालयांनी रद्द केली. ते दुःख खोटे नव्हते. आपल्या आईविषयी कोणी वेडेवाकडे बोलले तर कोण हसत ऐकेल? तरीही दुःख होणे वेगळे आणि दुसऱ्याचे तोंड बंद करणे वेगळे.

अमेरिकेत 1934 च्या सुमारास कॅथलिकांनी चर्चमध्ये शपथ घेतली, की अश्लील चित्रपट आम्ही पाहणार नाही. स्वतःपुरती ही शपथ आम्हाला मानाची वाटते. पण पुढे त्या चळवळीचा धाक एवढा वाढला, की निर्माते आधीच कात्री लावू लागले आणि ज्यांनी शपथ घेतली नव्हती त्यांनाही कापलेलेच चित्रपट पाहावे लागले. मुलांसाठी काही बंधन हवे, हे आम्हालाही मान्य आहे. मात्र मोठ्या माणसांचे आपण पालक नाही.

कोणी म्हणेल, सगळेच बंदी मागतात, मग आपणच का गप्प राहावे? गप्प राहू नये. लेख लिहावा, सभा घ्यावी, आपल्या तरुणांना खरा इतिहास समजावून सांगावा. पण बंदीचे हत्यार संख्येच्या जोरावर चालते, आणि यवतमाळ जिल्ह्यात आपण किती आहोत हे नाताळच्या मिस्सालाही दिसते. ते हत्यार उद्या कोणावर उगारले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात न्यायसभा प्रेषितांना ठार मारायला निघाली होती. गमलिएल नावाच्या शास्त्र्याने समजावले, की यांना असू द्या. हे माणसांचे असेल तर आपोआप मोडेल. त्यांना फटके मारून, बोलू नका असे बजावून सोडले. त्या दिवशी ज्यांचा आवाज बंद करायचा होता, ते आपलेच पेत्र आणि योहान होते.