पाळलेला मासा आणि गळ

जासई ज्या रायगड जिल्ह्यांत आहे, तेथील खाडीपट्टींत एक जुनी रीत आहे. पावसाळ्यांत जिताड्याचीं पिलें खाडींतून धरून आणावयाचीं, गोड्या पाण्याच्या तळ्यांत सोडावयाचीं, आणि कांहीं वर्षांनीं तीं चांगलीं चार-पांच किलोंचीं झालीं म्हणजे काढावयाचीं. जाळें टाकणारा गृहस्थ पराक्रमाचा आव आणीत नाहीं. परसांतली भाजी खुडावी तसा तो मासा काढतो. परंतु त्याच कांठीं हौशी मनुष्य गळ घेऊन बसला, कीं तो त्यास शिकार म्हणूं लागतो. ही शिकार खरी काय?

गळवाले म्हणतात, दोरी तुटूं शकते, मासा निसटूं शकतो. डाव बरोबरीचा आहे. आम्हांस हें पटत नाहीं. खाडींत निसटलेला जिताडा समुद्र गांठील. तळ्यांतला जाणार कोठें? त्याची वीण खाऱ्या पाण्यांतच होते, म्हणजे तळ्यांत सोडला तेव्हांच त्याचा वंश खुंटला. विलायतेंत तर टांक्यांत वाढविलेले मोठमोठे ट्राउट मासे शरदांत तलावांत सोडतात, पिसांच्या खोट्या माशीनें त्यांस फसवितात, आणि पुष्कळदां जिवंत परत सोडतात. यास दया म्हणतात! जीव वांचतो हें खरें. पण मग भुकेची सबबही उरत नाहीं, उरते ती केवळ आपली करमणूक.

अर्थात् आम्ही कांहीं निर्लेप न्यायाधीश नव्हों. चिंचेच्या कालवणांतला तळ्याचा जिताडा आम्हीं आवडीनें खाल्ला आहे, पुढेंही खाऊं. कोणीं विचारल्यास तो तळ्यांतून काढला, एवढेंच सांगूं.