राहिलेला पैरा

आजचे चिंतन : श्रीमद्‌भगवद्‌गीता, अध्याय ३, श्लोक ११ व १२.

या दोन श्लोकांत भगवंत यज्ञाचा व्यवहार सांगतात. माणसांनी देवांना संतुष्ट करावे, देवांनी माणसांना; एकमेकांच्या पोषणातूनच सगळ्यांचे कल्याण होते. पुढे मात्र कडक शब्द येतो. मिळालेले परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर.

आमच्या माळेगावात यालाच पैरा म्हणतात. आज तुझ्या उसाच्या लागणीला मी, उद्या माझ्या लागणीला तू. पैसे नाहीत, पण पैरा फेडायचा असतो. बायकांचं गोधडीचंही तसंच. एकीने टाके घालू लागायचं, दुसरीने बदल्यात क्रोशाचं तोरण विणून द्यायचं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन गावी आलो. दिवसभर कोडिंग, आणि संध्याकाळी शेजारच्या आजींच्या ओट्यावर बसून गोधडी शिकायचो. जुन्या लुगड्यांचे थर कसे अंथरायचे, धावदोरा सरळ कसा ठेवायचा, सगळं त्यांनी हात धरून शिकवलं. मी विचारलं, "आजी, तुम्हाला काय देऊ?" त्या म्हणाल्या, "मला माझं नाव लिहायला शिकव. अंगठा द्यायची लाज वाटती रं."

मी "हो" म्हणालो. मग ऑफिस सुरू झालं, पुण्याला परतलो. प्रत्येक वेळी "पुढच्या शनिवारी नक्की." ऑफिसचं एक काम कधी मागे ठेवलं नाही, हे मात्र राहिलं.

परवा भेटलो, तर काचबिंदूने आजींची नजर जवळजवळ गेलेली. रागावल्या नाहीत. "टाके जमत्यात का अजून?" एवढंच विचारलं. त्या रात्री बाराव्या श्लोकातला तो शब्द मला लागला.

मन कशी पळवाट काढतं बघा! कला शिकवल्याने त्यांचं काय कमी झालं, मग देणं कसलं? कला कमी झाली नाही, खरंच. पण त्यांनी मला दिलेल्या संध्याकाळी डोळे असतानाच्या होत्या. त्या मी घेतल्या, आणि त्यांच्या वाट्याच्या संध्याकाळी मी दिल्याच नाहीत. चोरी ती हीच.

काल एका जुन्या धोतराच्या तुकड्यावर जाड दोऱ्याने त्यांचं नाव शिवलं. अक्षरं हातभर मोठी, टाका त्यांनीच शिकवलेला. आजींचं बोट धरून त्यावरून फिरवलं. पहिल्या अक्षरापाशी त्या थांबल्या. टाका चाचपून म्हणाल्या, "हितं दोरा ढिला सोडलायस." मग परत पहिल्यापासून बोट फिरवलं.

एवढ्याने पैरा फिटला असं मी म्हणणार नाही. अजून बरेच शनिवार जायचंय.

वाचकहो, आज एकच करा. कुणाकडून शिकलात आणि काय द्यायचं कबूल केलंत, ते आठवा. नजर आहे तोवर फेडा.

पांडुरंगा, घेतलेलं विसरू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.