बांधलेल्या माणसासमोर



एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्यांत आपल्या महाराष्ट्राचेही सहा जण होते. त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपल्याच युवक मंडळातील एका मुलाने आम्हाला विचारले, “फादर, असा एखादा जिवंत सापडला तर त्याला चौदावे रत्न दाखवायलाच पाहिजे ना? नाहीतर तो बोलणार कसा?” भोवती उभ्या असलेल्या पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. त्या दिवशी पुढे बाप्तिस्मा होता. आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न विचारणारा मुलगा वाईट नव्हता आणि त्याचा प्रश्नही थट्टेचा नव्हता. त्याला उत्तर देणे आमच्याकडे बाकी राहिले होते. ते आज येथे देत आहोत.

प्रथम एक कबुली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपण सर्वजण टीव्हीसमोर बसून होतो, तसे आम्हीही होतो. पुण्यात तत्त्वज्ञान शिकून, नीतिशास्त्राची परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊन आलेले आम्ही. तरीही छत्रपती शिवाजी टर्मिनसमधील रक्त पाहून आमच्या मनात जे आले, ते या पानावर छापता येणार नाही. तेव्हा खालील शब्द कोणी शांत माणसाने रागावलेल्या माणसांना केलेला उपदेश आहे, असे कृपया समजू नये.

आता मूळ मुद्दा. ख्रिस्ती माणसाने हल्लेखोरापुढे मान वाकवून उभे राहावे, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा विषय सविस्तर मांडला आहे. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या प्रतिकारात हल्लेखोर मेला, तरी तो प्रतिकार पाप ठरत नाही. अट एवढीच की, वापरलेले बळ हल्ला थांबवण्यापुरते असावे, त्याहून अधिक नसावे. आपल्या देशाचा कायदाही जवळजवळ हेच सांगतो. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्या पोलिसाला आणि सैनिकाला तर हा नुसता हक्क नाही, ते त्याचे कर्तव्य आहे.

याचे सर्वांत उजळ उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्याने दिले आहे. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात केडंबे नावाचे गाव आहे. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हे त्या गावचे. त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर दहशतवाद्यांची मोटार अडवली गेली. ओंबळे यांच्याजवळ होती फक्त काठी. त्यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यांनी नळी सोडली नाही, म्हणून मागच्या सहकाऱ्यांचे प्राण वाचले आणि कसाब जिवंत पकडला गेला. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोक चक्र दिले. मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, हे प्रभूने सांगितले. केडंबेच्या या माणसाने ते चौपाटीवर करून दाखवले. त्या क्षणी त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबवर जे बळ वापरले, ते संत थॉमसच्या कसोटीला पूर्ण उतरते.

पण थोडे पुढे जाऊ. कसाबचे शस्त्र गेले, हात बांधले गेले, तो कोठडीत आला. आता काय बदलले? त्याचे पाप तेच आहे, आपला राग तोच आहे. बदलले ते एवढेच की, आता तो हल्ला करीत नाही. म्हणून यापुढे त्याच्या शरीरावर आपण जे करू, त्याला स्वसंरक्षण हे नाव देता येत नाही. आपल्या युवकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. चौपाटीवरचे बळ आणि कोठडीतील मार हे एकाच गोष्टीचे लहान-मोठे प्रकार नाहीत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणी म्हणेल, “फादर, त्याचे साथीदार मोकळे आहेत ना? त्यांचा पत्ता त्याच्या पोटात आहे.” खरे आहे. परंतु तेव्हा आपण हल्ला थांबवीत नसतो. एका माणसाचे शरीर आपण कुलपाच्या किल्लीसारखे वापरत असतो. त्याची इच्छाशक्ती मोडून तोंड उघडायचे, हाच तर छळाचा हेतू. देवाने आपल्या प्रतिमेप्रमाणे निर्माण केलेल्या माणसाचा असा वापर करता येत नाही. ही प्रतिमा चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून मिळत नाही, आणि म्हणून वाईट वागणुकीने ती काढूनही घेता येत नाही. म्हणूनच १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने शारीरिक व मानसिक छळाची गणना मानवी प्रतिष्ठेविरुद्धच्या लाजिरवाण्या गुन्ह्यांत केली, आणि १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अशा कृत्यांना कोणत्याही हेतूने चांगले ठरवता येत नाही, असे शिकवले.

“तत्त्व ठीक आहे, पण त्याने खरे तर बाहेर येते ना?” हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही, ते मुंबईत आहे.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८९ माणसे मेली, आठशेहून अधिक जखमी झाली. तेरा जणांवर मोक्का कायद्याखाली खटला चालला. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा आपल्याकडे इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यापासूनचा नियम. मार देऊन कबुली घेतली जाईल, ही भीती त्या काळीही होती. १९९९ च्या मोक्का कायद्याने मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा जबाब ग्राह्य मानला. या खटल्यात असे जबाब मोठा आधार होते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली, एकाला सोडले.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून घेतले गेले, त्यांतील मजकूर एकमेकांशी नको तितका जुळतो, ते विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयाला आढळले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा आधार इतर खटल्यांत घेण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. बारांपैकी एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने मरण पावला होता.

बंधू-भगिनींनो, या निकालाने कोणाचे काय गेले, याचा थोडा विचार करू. त्या बारा जणांची एकोणीस वर्षे गेली. पण त्या १८९ घरांचे काय? ज्या बाईचा नवरा त्या संध्याकाळी घरी आला नाही, तिला एकोणीस वर्षांनंतर सांगण्यात आले की, त्याला कोणी मारले हे सिद्ध झालेले नाही. तिच्यासाठी न्याय मिळवावा म्हणूनच ना कोणीतरी कोठडीत हात उगारला? त्याच हाताने तिचा न्याय हिरावून घेतला. माराने माणूस बोलतो, यात शंका नाही. पण मार थांबावा म्हणून बोलतो. आणि मार थांबवण्यासाठी खरे बोलावे लागत नाही, मारणाऱ्याला हवे ते बोलावे लागते. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात नेमकी हीच वेदना लिहून ठेवली आहे: सत्य कळावे म्हणून न्यायाधीश निरपराध्याचा छळ करतो आणि शेवटी त्याला सत्य कळतच नाही.

आता याच्या शेजारी कसाबचा खटला ठेवून पाहा. त्याला वकील मिळाला. साक्षीदार आले, त्यांत पायात गोळी लागलेली एक लहान मुलगीही होती. सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तपत्र छायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून स्टेशनवर काढलेली छायाचित्रे पुराव्यात आली. कसाब दोषी ठरला, आणि त्याच खटल्यात त्याच्याबरोबर उभे असलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम केल्या. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. फाशीची शिक्षा मान्य करता येत नाही, असे २०१८ पासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे त्या शेवटाबद्दल आम्ही आनंद मानू शकत नाही. परंतु त्याच्या अपराधाबद्दल आज जगात कोणाला प्रामाणिक शंका घेता येत नाही. ओंबळे यांनी त्याला जिवंत ठेवले, न्यायालयाने त्याला ऐकून घेतले, म्हणून सत्य उभे राहिले.

तरीही एक प्रश्न उरतोच आणि तो कठीण आहे. समजा, सांगलीच्या एस. टी. स्टँडवर बॉम्ब ठेवला आहे, तासाभरात फुटणार आहे आणि ठेवणारा आपल्या हातात आहे. तेव्हाही नाही? सेमिनरीत आम्ही यावर रात्री उशिरापर्यंत वाद घातले आहेत. या उदाहरणात एक खुबी आहे. हाच तो माणूस, त्याला ठिकाण माहीत आहे, तो तासाभरात खरेच सांगेल, हे सर्व आधीच गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात पोलिसांसमोर असतो तो फक्त एक संशयित आणि भरपूर अंधार. शिवाय ‘फक्त एकदाच, अगदी नाइलाजाने’ असा छळ नसतो. तो करणारे हात आधी तयार करावे लागतात, आणि तयार झालेले हात बॉम्बची वाट पाहत बसत नाहीत. एवढे सांगूनही आम्ही मान्य करतो की, एखाद्या वेळी या मार्गाने न जाण्याची मोठी किंमत मोजावी लागेल. चांगले घडावे म्हणून वाईट करू नये, हे संत पौलाचे शिक्षण फुकट पाळता येते, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

येथे आपण ख्रिस्ती लोकांनी इतरांकडे बोट दाखवण्याआधी खाली पाहिले पाहिजे. ८६६ मध्ये पोप निकोलस पहिले यांनी बल्गेरियाच्या राजाला लिहिले होते की, कबुली स्वेच्छेने दिलेली असावी, मारून घेतलेली नसावी. तरीही १२५२ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी पाखंड्यांच्या चौकशीत छळाला परवानगी दिली, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण सभेने काय केले, हे आपण जाणतो. त्यांनाही वाटत होते की धोका फार मोठा आहे. ख्रिस्तसभेच्या मेंढपाळांनीही हे प्रकार वापरले, अशी कबुली आज आपला धर्मशिक्षण ग्रंथच देतो. ही कबुली कोणी मारून घेतलेली नाही, म्हणून तिला किंमत आहे.

आणि शेवटी प्रभूकडे पाहू. योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूला बांधून हन्नाकडे नेले जाते. चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला चपराक मारतो. प्रभू त्याला शाप देत नाही, नुसता गप्पही राहत नाही. तो विचारतो: मी चुकीचे बोललो असेन तर चूक दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? कोठडीत मार खाणाऱ्या प्रत्येकाच्या वतीने विचारलेला हा प्रश्न आहे, आणि त्या शिपायाकडे त्याचे उत्तर नव्हते. पुढे पिलातानेही निर्दोष म्हणून ज्याला ओळखले, त्यालाच फटके मारवले. प्रत्येक शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो, तो बांधलेला, मार खाल्लेला आरोपी आहे.

हा विषय मुंबईचा किंवा काश्मीरचा आहे असे समजून आपण माधवनगरकर मोकळे होऊ नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीतच, लूटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण पोलीस कोठडीत मरण पावला. तो पळून गेला असे सांगितले गेले. त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे पुढे उघडकीला आले आणि पोलिसांनाच अटक झाली. त्याच्यावर दहशतवादाचा आरोपही नव्हता. आणि दोष फक्त खाकी वर्दीचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा गावी, मुले पळवणारे समजून चार साधूंना गावकऱ्यांनी पट्ट्यांनी व काठ्यांनी मारले. ते खरोखर साधूच होते. आधी मारले, मग विचारले.

म्हणून त्या युवकाला आणि आपल्या सर्वांना आमची तीन मागणी आहेत. सिनेमात पोलीस आरोपीला उलटा टांगतो तेव्हा टाळी वाजवू नका. ती टाळी ठाण्यापर्यंत ऐकू जाते. गल्लीत चोर सापडला तर त्याला धरून ठेवा, पोलिसांना बोलवा, आणि पहिला हात उगारणाऱ्याचा हात धरा. आणि ज्यांच्या घरचे कोणी पोलीस खात्यात वा सैन्यात आहेत, त्यांनी त्यांना आमचा निरोप द्यावा: तुमची नोकरी अवघड आहे, तुमच्यासाठी आम्ही वेदीवर प्रार्थना करतो. असा हुकूम कधी मिळाला तर तो नाकारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि नाकारल्यामुळे बदली झाली किंवा बढती अडली, तर हा धर्मग्राम तुमच्या कुटुंबाच्या पाठीशी उभा राहील. पूर्वी कधी हातून काही घडले असेल आणि झोप लागत नसेल, तर प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे आहे. तेथे कोणी मारीत नाही.

या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण दहशतवादाला बळी पडलेल्यांसाठी, तुकाराम ओंबळे यांच्यासारख्या रक्षकांसाठी, आणि आज कोठेतरी कोठडीत बांधून ठेवलेल्या, दोषी वा निर्दोष, प्रत्येक माणसासाठी प्रार्थना करणार आहोत. तिसरे नाव घेताना जीभ अडखळली, तरी ते घ्यावे.

आपले धर्मगुरू