आमदाराचे मत कोणाचे?

पक्ष बदलणारा आमदार हल्ली एकच कारण सांगतो: मतदारसंघाचा विकास. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. दोन्ही वेळा हेच कारण पुन्हा पुन्हा ऐकू आले. सरकारी तिजोरीतून आपल्या तालुक्याकडे निधी ओढून आणतो तो आमदार, असे त्यामागचे गृहीतक आहे. ते मान्य केले, तर विरोधी बाकावर बसणे हीच मतदारांशी प्रतारणा ठरते. म्हणूनच मला ते घातक वाटते.

आमदारकीची सुरुवात अशी नव्हती. नाना शंकरशेट, फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले मुंबई कायदेमंडळात बसले, तेव्हा त्यांच्या हाती ना निधी होता, ना बहुमत. शब्द तेवढा होता. तो काय करू शकतो, हे सीताराम केशव बोले यांनी दाखवले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा त्यांचा ठराव ऑगस्ट 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. तो हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले. बोल्यांच्या ठरावात कुठल्या एका मतदारसंघाची सोय नव्हती. साऱ्या प्रांताचा प्रश्न होता. पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, महाराष्ट्राने 1977 मध्ये तिचा कायदा केला आणि 2005 मध्ये देशाने तसाच कायदा स्वीकारला.

मग घसरण कुठे झाली? 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात पळवाटा राहिल्या म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. एकतृतीयांश फुटीची सवलत 2003 मध्ये काढली, तरी दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उरली, हे खरेच. पण मोठे नुकसान पळवाटांनी केलेले नाही, कायद्याच्या गाभ्यानेच केले आहे. व्हिप मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते, मग विधेयक शेतीचे असो वा शिक्षणाचे. सरकार टिकवण्या-पाडण्यापुरता असा धाक समजण्याजोगा आहे. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्ये त्याच दिशेने शिफारस केली होती. ती बाजूला पडली. ज्याचे मत आधीच ठरलेले, त्याने विधेयक कशाला वाचावे? कायदा घडवण्यातला वाटा असा आटला आणि मतदारांना दाखवण्यासारखे उरले ते रस्ते, सभामंडप आणि स्थानिक विकास निधी. त्यासाठी सत्तेजवळ राहणे भाग पडते. म्हणजे पक्षांतर रोखायला आणलेल्या कायद्यानेच पक्षांतराच्या कारणाला बळ दिले.

तरीही आमदाराला यातून पूर्ण सुटका नाही. प्रश्न विचारायला, लक्षवेधी मांडायला, अशासकीय विधेयक आणायला व्हिप आडवा येत नाही. आणि सत्तेविना निवडून येता येत नाही, हेही खोटे आहे. गणपतराव देशमुखांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर गेली. दुष्काळी सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाच्या या माणसाला 11 वेळा विधानसभेत पाठवले.

तेव्हा व्हिप विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरताच बांधावा. आणि पुढच्या वेळी दारात मत मागायला येणाऱ्याला निधीचा आकडा विचारण्याआधी आपण विचारावे: गेल्या 5 वर्षांत तुम्ही कोणत्या विधेयकावर बोललात, आणि काय बोललात?