मुक्तद्वार

‘क’ आला की डॉलर. ‘फ’ आला की पुन्हा डॉलर. पडद्यावर चौदा हजार पुस्तकांची यादी होती. कादंबरी शोधा, कीर्तन शोधा नाहीतर फलज्योतिष, प्रत्येक नावात डॉलरची खूण आणि भोवती इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आमच्या परळ-लालबागकडच्या एका वाचनालयातली ही गोष्ट. नाव सांगत नाही, कारण असं दुसरीकडेही घडलेलं असणार. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे ग्रंथालयाचा प्रोग्राम बसवून दिला होता. त्याचा मराठी फॉन्ट डोंगल नावाच्या एका छोट्या किल्लीवर चाले. एका पावसाळ्यात डोंगल गेलं. बसवून देणाऱ्याचा फोन त्याआधीच बंद झाला होता. यादी जागच्या जागी होती, फक्त कुणाला वाचता येत नव्हती. ग्रंथपाल बाईंनी लाल कापडी बांधणीची दाखल नोंदवही कपाटातून काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “ही कुणाकडे किल्ली मागत नाही.”

त्यानंतर आमच्या ग्रंथालयांतला एक जुना शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. मुक्तद्वार. पूर्वी वाचकाने काउंटरवर चिठ्ठी द्यायची, शिपायाने आतून पुस्तक आणायचं, नाहीतर ‘बाहेर गेलंय’ म्हणून सांगायचं. कपाटापर्यंत जायची मुभा नसे. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः मांडण्यांमधून हिंडतो, पुस्तक काढतो, चाळतो, शोधत असलेलं सोडून शेजारचंच घेऊन घरी जातो. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला पहिला इतका साधा आहे की तो सिद्धान्त म्हणून सांगावा लागला याचंच आश्चर्य वाटतं : ग्रंथ उपयोगासाठी आहेत. या एका वाक्यातून त्यांनी मांडण्यांची उंची, ग्रंथालयाच्या वेळा, कर्मचाऱ्यांचा पगार, सगळंच काढून दाखवलं. कुलूपबंद कपाट त्या सिद्धान्तात बसत नाही.

मग ज्या यंत्रावर ग्रंथालयाची सूची राहते, ते कुलूपबंद कसं चालतं?

1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत चार मुभा मानतात : प्रोग्राम हव्या त्या कामाला वापरावा, उघडून आतून पाहावा, दुसऱ्याला द्यावा, सुधारून पुन्हा वाटावा. ग्रंथपालाला यात नवं काही वाटू नये. मांडणीपर्यंत जायची मुभा आणि देवघेव, यांवरच त्याचं घर उभं आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही कोंबल्यामुळे तिकडे चाळीस वर्षं खुलासे चालले आहेत. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, तरी कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो “फुकट आहे ना?” हाच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली पुष्कळ ग्रंथालयांना बिनपैशाने मिळाली आणि त्यांच्या उपयोगी पडली आहे. पण तिचं आतलं लिखाण ग्रंथपालाच्या हाती येत नाही. वर्गणी माफ असली तरी कपाट बंदच राहतं.

मला इथे पैठण आठवतं. शके 1506, म्हणजे 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षं हातोहात नकला होत गेल्या होत्या आणि प्रत्येक नकलाकाराने आपल्या परीने भर घातली होती. नाथांनी प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, एक पाठ निश्चित केला आणि शेवटी बजावलं की यापुढे यात कुणी आपली ओवी घुसडू नये. संगणकाच्या भाषेत हा एक परवानाच झाला. नक्कल करा, वाटा, वाचा, पण बदलू नका. आजचे अनेक मुक्त परवाने नाथांच्या उलट टोकाला आहेत. ते म्हणतात, बदला, फक्त काय बदललं ते सांगा आणि पुढच्यालाही तीच मुभा द्या. दोघांना चिंता एकच आहे, प्रत भ्रष्ट होऊ नये. नाथांकडे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवायची सोय नव्हती. असती तर त्यांनी मनाई केली असती का, हा प्रश्न मी विद्वानांवर सोडतो.

ग्रंथालयांसाठीची सर्वांत नावाजलेली मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातून आली. 1999 साली तिथल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली 2000 साल ओलांडू शकणार नव्हती. त्यांनी नवी लिहून घेतली, जानेवारी 2000 मध्ये चालू केली आणि जगाला देऊन टाकली. नाव ठेवलं ‘कोहा’. हा माओरी शब्द. त्याचं भाषांतर ‘भेट’ असं करतात, पण मला ‘आहेर’ जवळचा वाटतो, कारण कोहामध्ये परतीच्या आहेराची अपेक्षा असते. पुढे एका अमेरिकी कंपनीने त्याच नावाचा ट्रेडमार्क न्यूझीलंडमध्ये मागितला. ते प्रकरण 2013 मध्ये ग्रंथालयाच्या बाजूने सुटलं. आहेरावरही मालकी सांगणारे निघतातच.

कोहा चालते लिनक्सवर, बहुधा त्याच्या डेबियन नाहीतर उबुंटू या रूपांवर. म्हणून हा विषय ग्रंथपालाच्या टेबलापर्यंत येतो. सीडॅकने आपल्याकडे डेबियनवरच बेतलेली ‘बॉस’ ही प्रणाली काढली आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि धडधाकट यंत्रं एका तारखेने म्हातारी ठरली. आमच्या वाचनालयातलं यंत्र त्यांतलंच. लालबागच्या चाळीत वाढलेला, आता डोंबिवलीला राहणारा एक मुलगा रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि दुपारपर्यंत त्यावर लिनक्स मिंट चालू झालं. बारकोडच्या प्रिंटरने मात्र दोन रविवार खाल्ले. हे लपवण्यात अर्थ नाही.

डॉलरचं काम त्याहून नाजूक निघालं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात तशी साठवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, वेलांटी मागून येते आणि रफार आधी. रूपांतराची कोष्टकं कुणीतरी आधीच करून वाटून ठेवली होती. चौदा हजार नोंदी एका संध्याकाळी उलटल्या आणि मग दुरुस्त्यांना महिना लागला. त्यात मराठीचे आपले खास खोडे. ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे, म्हणून शोध अर्धाच लागतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली. आमच्या नोंदी मात्र अ आणि चंद्र जोडून केलेल्या. हे सगळं बाईंनी शोधून काढलं, त्या मुलाने नाही. त्यांना सूची माहीत होती. कोहामध्ये शोधाचा नियम कुठे बदलायचा ते मुलाने दाखवलं आणि बदलता आला, कारण नियम उघडा होता.

मुंबईला हे परकं वाटायचं कारण नाही. काळबादेवीला जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचे खिळे ओतले जात. अक्षर कसं दिसावं हे तिथला कारागीर ठरवत होता. संगणकाच्या काळातही ‘आकृती’वाल्यांनी आपले नऊ भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली देऊन टाकले, आणि मुंबईच्याच ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा फॉन्ट आज कुणीही वापरतं. परळच्या गिरण्यांत साचा बिघडला तर तो खात्यातच उघडत. यंत्र आपल्याला उघडता येतं, ही खात्री या वस्तीला गिरणी संपाआधी होती.

सूचीचंच घ्या. शंकर गणेश दात्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ केली. 1800 ते 1937 या काळाचा पहिला खंड 1943 साली आला, पुढचा 1961 साली. दाते सूची आजही उघडते, कारण तिला कागदाखेरीज काही लागत नाही. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात गेलात तर दोलामुद्रितं, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, पाहा. दीडशे वर्षांचा कागद तुमच्याशी बोलतो. आमची पंधरा वर्षांची यादी बोलेना.

एक गोष्ट मात्र मुक्ततेचे भक्त सांगत नाहीत. मुक्तद्वार ग्रंथालयात चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. म्हणून रोज संध्याकाळी शिपाई मांडण्या लावतो. मुक्त प्रणालीलाही असाच रोजचा हात लागतो : सुधारणा उतरवणं, नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवणं, अडलं तर विचारणं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांत ग्रंथपाल आणि निर्गम सहायक किती पगारावर बसतात ते ज्याला ठाऊक आहे, तो त्यांच्याकडून हे फुकट मागणार नाही. प्रणालीचे वाचलेले पैसे त्यांच्या प्रशिक्षणावर खर्चावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते खुर्च्यांच्या नव्या कव्हरांवर गेले तर विकतचीच प्रणाली बरी.

पुढच्या वेळी पुस्तक बदलायला जाल तेव्हा देवघेवीच्या टेबलावर एवढंच विचारा, “आपली पूर्ण सूची दुसऱ्या यंत्रावर उतरवून वाचता येते का?” उत्तर ‘बघावं लागेल’ असं आलं, आणि तुम्हाला संगणकातलं थोडं कळत असेल, तर एक रविवार द्या. आमच्याकडे बाई साडेपाच ते आठ असतात. सोमवारी वाचनालय बंद.