अंगणातील ओक

उतारवयाच्या मनुष्याने घराच्या आवारात ओकचे रोप लावावे काय? ओक सावकाश वाढतो आणि शतकानुशतके टिकतो. त्यामुळे इंग्लंडात असा प्रश्न विचारणाऱ्यास बहुधा परोपकाराचा उपदेश ऐकावा लागतो: सावली नातवंडांना मिळेल, पुण्य तुमच्या पदरी पडेल. मला ह्या उपदेशात थोडी लबाडी दिसते. नातवंडांस काय हवे असेल, हे आपण कशावरून ठरविले?

१८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सनच्या खालोखाल अधिकार असलेला कॉलिंगवुड मॉर्पेथच्या आपल्या घरी असला, म्हणजे खिशात ओकच्या बिया भरून फिरावयास निघे आणि चांगली जागा दिसेल तेथे त्या पेरी. पुढे आरमारास लाकूड कमी पडू नये, एवढाच त्याचा हेतू. १८१० मध्ये तो वारला. १८६० मध्ये ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका पाण्यात उतरली, तेव्हा त्याच्या झाडांस जहाजाजोगी जाडीदेखील आली नव्हती. ज्यांच्यासाठी एवढी चिंता वाहिली, त्यांस ते लाकूड नकोच होते!

मग भावी पिढीविषयी आपले कर्तव्य उरते कोणते? माझ्या मते, अंतराचे. वीतभर रोप खिडकीपाशी शोभून दिसते, आणि लावणाऱ्यासही आपल्या हयातीत थोडीबहुत सावली हवी असते. म्हणून तो ते भिंतीजवळ आणतो. परंतु मोकळ्या जागेत ह्याच रोपाचा विस्तार पुढे साठ-सत्तर फूट होतो आणि मुळे तर फांद्यांच्याही पलीकडे पसरतात. कालांतराने फांद्या छपरावर टेकतात, आणि जो वारस कुऱ्हाड उचलतो त्यास लोक कृतघ्न म्हणतात. वस्तुतः दोष आजोबांच्या उतावळेपणाचा. आपल्याकडेही पिंपळ घराच्या भिंतीशी वाढू देत नाहीत. त्यात भुताखेतांची भीती असेल, पण हिशेबही आहे.

मात्र हा हिशेब पाळणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. भिंतीपासून चाळीस फुटांवर लावलेल्या रोपाची सावली त्याच्या ओसरीवर कधीच येत नाही. सशांनी कुरतडू नये म्हणून जाळीत कोंडलेली एक काटकुळी काठी, एवढेच त्यास वर्षानुवर्षे दिसते. येणारा-जाणारा विचारतो, “अंगणाच्या अगदी मधोमध हे काय लावून ठेवलेत?” तो भिंतीपाशी जातो आणि पावले मोजून दाखवितो.