‘सबब’ आणि सबब

माणसाची नीति त्याच्या मोठमोठ्या शब्दांवरून ओळखावी अशी आपली समजूत असते. सत्य, न्याय, कर्तव्य हे शब्द कोण कसे वापरतो इकडे आपण लक्ष देतों. परंतु त्या शब्दांना एकमेकांस जोडणारीं जीं लहान अव्ययें, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं. आणि पुष्कळदां अन्याय शिरतो तो त्याच फटींतून.

इंग्रजींतील ‘देअरफोर’ हें असें एक अव्यय आहे. ‘हेन्स’, ‘दस’, ‘कॉन्सिक्वेंटली’, ‘अकॉर्डिंग्ली’ हे त्याचे पर्याय म्हणून विद्यार्थी पाठ करतात; पण ते एकमेकांच्या जागीं नीट बसत नाहींत. ‘हेन्स’ म्हणजे मूळ अर्थानें ‘येथून’. विचार कोठून निघाला एवढेंच तो दाखवितो. ‘दस’ म्हणजे ‘अशा रीतीनें’. ‘कॉन्सिक्वेंटली’ घडलेल्या गोष्टींचा क्रम सांगतो: पाऊस फार झाला, परिणामीं गोदावरीस पूर आला. ‘अकॉर्डिंग्ली’ हा हुकुमाबरहुकूम वागणाऱ्याचा शब्द होय. ‘देअरफोर’चा दावा याहून मोठा आहे. मागचें विधान मान्य केलेंत, तर पुढचें मान्य केल्यावांचून तुम्हांस गत्यंतर नाहीं, असें तो बजावतो.

आमच्या परभणी जिल्ह्यांत या शब्दानें राज्याबरोबर वेष पालटला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता व दरबारची भाषा उर्दू होती. त्या भाषेंतील ‘लिहाजा’ हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ ‘याकरितां’. १९५६ सालीं जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. कागद मराठी झाले. आतां तेंच काम ‘सबब’ करतो. तोही अरबीच, पण मराठेशाहीच्या पत्रव्यवहारांत रुळून घरचा झालेला.

या ‘सबब’ शब्दाचें मराठींत एक विलक्षण झालें आहे. कचेरींत तो अव्यय आहे आणि त्याचा अर्थ ‘म्हणून’. घरांत तो नाम आहे आणि त्याचा अर्थ ‘खोटें निमित्त’. “सबबी सांगूं नकोस,” असें आई मुलास म्हणते. कारण आणि निमित्त यांतील अंतर किती थोडें आहे, हें लोकांच्या जिभेनें तर्कशास्त्राच्या आधींच ओळखलें, असें मला वाटतें.

एक साधें उदाहरण घ्या. ‘सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाहीं, सबब अर्ज नामंजूर.’ वाक्य निर्दोष दिसतें. परंतु आपल्या नैयायिकांनीं अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. हेतूपासून एकदम निगमनावर उडी घेण्याची मुभा त्यांनीं ठेविली नाहीं; मधली व्याप्ति दाखवावी लागते. येथें ती कोणती? ‘जेथें नोंद नाहीं तेथें पीकच नव्हतें’ ही. इतकें उघड लिहावयाची पाळी आली, तर लिहिणाराच क्षणभर थांबेल, आणि नोंद कां राहिली हें विचारील. ‘सबब’ त्यास थांबूं देत नाहीं.

पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांत डेव्हिड ह्यूम यानें १७३९-४० च्या आपल्या ग्रंथांत हीच खोडी दाखविली. ग्रंथकार ‘आहे’ असें सांगतां सांगतां न कळत ‘असावें’ यावर येतात, आणि हें संक्रमण कसें झालें तें सांगत नाहींत, अशी त्याची तक्रार होती. ‘आहे’ आणि ‘असावें’ यांमध्यें माणसाची निवड उभी असते; अव्यय तिच्यावर पडदा टाकतें.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पाऊस पडला नाहीं, हें एकच विधान दख्खननें अनेकदां ऐकलें आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत लॉर्ड लिटनच्या सरकारनें त्यापुढें लिहिलें: व्यापारांत हात घालूं नये हें तत्त्व आहे, सबब धान्याचे भाव बाजारावर सोडावे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यानें खडी फोडून काढला. आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा करून त्याच विधानापुढें लिहिलें: सबब, जो काम मागेल त्यास तें देणें सरकारास बंधनकारक आहे. आभाळ तेंच, सबब निराळी. तेव्हां निष्कर्ष आभाळांतून पडला नव्हता; तो दोन्ही वेळीं माणसांनींच काढला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, नियमाचें ‘सबब’ हेंच दुर्बळाचें रक्षण आहे. तें काढलें तर मर्जी आणि वशिला यांचें राज्य होईल. हा आक्षेप खरा आहे. न्यायाधीशानें कारणें देऊन निकाल द्यावा हें आपण मागतों, तें याचसाठीं. पण मर्जीवर उपाय पूर्ण कारण हा आहे, अर्धें कारण नव्हे. मधली पायरी गाळलेला नियम आणि मर्जी यांत अर्जदाराच्या दृष्टीनें फारसा भेद उरत नाहीं.

आणि कचेरीसच कां बोल लावावा? ‘गांवांत कॉलेज नाहीं, सबब मुलीचें शिक्षण थांबलें,’ हें वाक्य सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतें. परभणीस जाणारी मोटार गांवावरून रोज जात असते, आणि तिनें मुलगा जातो. गाळलेली पायरी येथें कोणती, हें त्या घरांतील प्रत्येकास ठाऊक असतें. मुलीस सर्वांत अधिक.

आपल्या भाषेनें यावर एक तोडगा राखून ठेविला आहे. ‘म्हणून’ हा शब्द ‘म्हणणें’ या धातूपासून आला. ‘सबब’ उच्चारतांना निर्णय आपोआप झाल्याचा भास होतो. ‘म्हणून’ मात्र विचारतो, हें कोण म्हणतें? जो उत्तरांत ‘मी’ म्हणण्यास तयार असेल, त्यानेंच हें अव्यय लिहावें.